निळीचा रांजण आणि गिरजाबाईची म्हैस

साल एकोणीसशे सव्वीस, पौष वद्य पंचमी, डोणगावच्या बाजाराचा दिवस. रक्कम अडतीस रुपये. साडेतीन शेर नीळ, शेराला सहा रुपयांप्रमाणे एकवीस. आणि चौतीस लुगड्यांची रंगणावळ, नगाला आठ आणे, म्हणजे सतरा. एवढी रक्कम माझ्या निळीच्या रांजणात अडकली होती. हजर होते ते असे: किराणा दुकानदार, त्याच्या पोत्यांवर बसलेले दोन गाडीवान, आणि मी. मी त्या तिघांपुढे एक वाक्य बोललो. ते खोटं होतं.

जिला सांगायलाच हवं होतं ती एक सोडून हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एकदा सांगितलं, पण ते कोणी घेतलं नाही, आणि देणाऱ्याने हात पुढे केला म्हणून देणं झालं असं मी धरत नाही. का घेतलं नाही, ते ओघात येईल. तोवर एवढं धरून चाला की तुम्ही पहिले.

मी रंगारी. माझा बाप रंगारी, काका रंगारी. तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो, आज सेहेचाळीस. घर स्वतःचं, कर्ज नाही, दोन मुलींची लग्नं झाली. गावात मला हिशेबी म्हणतात, त्यात थोडी थट्टा असते. असू दे. मी हिशेबीच आहे. म्हणून तर तेरा वर्षं हे एक कलम मला कुठेच मांडता आलं नाही.

रांजण आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल. तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो. त्यात पाणी, वाटलेली नीळ, चुना, गूळ आणि तरोट्याच्या बियांचा काढा. नीळ पाण्यात विरघळत नाही. कितीही ढवळा, थोड्या वेळाने गाळासारखी तळाशी बसते, आणि अशा पाण्यात बुडवलेलं कापड पहिल्या धुण्यात पांढरं होतं. पण रांजण झाकून, उबेत ठेवला की चार-पाच दिवसांनी आतलं पाणी बदलतं. निळं जाऊन कैरीच्या पन्ह्यासारखं पिवळं-हिरवं होतं. वर तांबूस चकाकी येते. तिला आम्ही फूल म्हणतो. फूल आलं की रांजण आला. मग लुगडं आत बुडवायचं. बाहेर काढाल तेव्हा ते पिवळट हिरवं असतं, आणि वाऱ्यावर धरलं की बघता बघता निळं होत जातं. मी हजारो वेळा पाहिलं आहे. तरी अजून माझे हात त्या क्षणी थांबतात.

आणि रांजण आला नाही तर? तर तो नासला. नीळ गेली, गूळ गेला, लोकांची लुगडी तशीच पडली, आणि रंगाऱ्याचं नाव गेलं.

त्या पौषात माझा रांजण नऊ दिवस आला नव्हता.

काका आदल्या वर्षी वारला होता. माझा स्वतःच्या हातचा तो पहिलाच हिवाळा. थंडी अशी की सकाळी चुन्याच्या पाण्यावर हात धरवत नव्हता. मी दिवसातून दहा वेळा झाकण काढून बघायचो. काठीने ढवळायचो, वास घ्यायचो, बोटावर थेंब घेऊन जिभेला लावायचो. जितका बघायचो तितका तो निळाच. आज मला ठाऊक आहे की मी काय करत होतो. तेव्हा नव्हतं.

आता रीत सांगतो. रांजण नासायला आला की रंगाऱ्याने बाजारात जाऊन एक खोटी गोष्ट सांगायची. हसू नका — किंवा हसा, आमच्याकडे सगळे हसतातच. आमच्या बापजाद्यांचा असा विश्वास होता की खोटं जितकं लांब जाईल तितका रांजण लवकर येतो. वेशीबाहेर गेलं पाहिजे. आणि ते सांगून आल्यावर तीन दिवस रांजणाचं झाकण उचलायचं नाही, त्याच्याकडे बघायचंही नाही. काकाने मला शिकवताना दोन नेम घातले होते. खोटं असं असावं की ऐकणारा हसला पाहिजे. आणि त्यात कोण्या माणसाचं नाव येता कामा नये. काका म्हणायचा, आपल्याले रंग चढवायचा हाये, कोणाले डाग नाही लावायचा.

काका स्वतः सांगायचा ते ऐकायला लोक जमायचे. सुलतानपूरच्या विहिरीला गोडं तेल लागलं, जानेफळला कोंबड्याने अंडं दिलं. लोक पोट धरून हसायचे, आपल्या गावी नेऊन सांगायचे, आणि जाता जाता विचारायचे की काय रंगारीबुवा, रांजण नासला वाटते. सगळ्यांना ठाऊक असायचं. त्यात फसवणूक नव्हती. तो खेळ होता, आणि खेळात कोणी बुडत नव्हतं.

मला तसं सांगता येत नव्हतं. त्या दिवशी मी आधी दोन प्रयत्न केले, तेही मोजून ठेवले आहेत. पहिलं आठ पायांच्या बकऱ्याचं. दुसरं मेहकरला आभाळातून मीठ पडल्याचं. दोन्ही जागच्या जागी मेली. कोणी हसलंसुद्धा नाही नीट. एक गाडीवान जांभई देऊन म्हणाला, काका होता तो काकाच. आणि तिथे, त्या जांभईसमोर, मी नेम मोडला.

नाही. तिथे नाही मोडला. तो सकाळीच मोडून झाला होता.

गिरजाबाई आमच्याच आळीत राहायची. विधवा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, एक मुलगी लग्नाची. एक म्हैस. चार शेर दूध रोज घालायची, दोन आण्यांनी शेर, अकरा घरी. त्यातलं एक घर माझं. पाणी घालत नव्हती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण दूध मोजून घेणारा मी होतो, आणि माझ्या मापात ती कधी कमी भरली नाही. तिच्या मुलीचं एक लुगडं माझ्याकडे रंगायला होतं. त्या सकाळी ती ते मागायला आली. मी उद्या म्हणालो. उद्या मी चार दिवस म्हणत होतो. दारात पाणी भरून जाणाऱ्या पाच बाया उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यादेखत ती म्हणाली,

“भाऊ, तू कशाला कष्टी होतं? काकाचा हात काकासंगं गेला. पांढरंच दे, आमी हळदीत बुडवून घेऊ.”

बाया हसल्या. मीही हसलो. आणि बाजारात मला तिसरी गोष्ट सुचेना तेव्हा जी सुचली, ती या हसण्यातून सुचली. रीतीतून नव्हे, थंडीतून नव्हे, अडतीस रुपयांतून नव्हे. हे मी तेरा वर्षं स्वतःलाही नीट सांगत नव्हतो. अडतीस रुपयांवर ढकलणं सोपं होतं. आकडा तोंडावर फेकता येतो.

मी त्या तिघांना म्हणालो की गिरजाबाईच्या म्हशीला पिसाळलेलं कुत्रं चावलं, आणि ती दूध तसंच घालून राहिली आहे.

यावर कोणी हसलं नाही. आणि रांजण नासला वाटते, असंही कोणी म्हणालं नाही. ही गोष्ट रंगाऱ्याच्या गोष्टीसारखी नव्हतीच. तिच्यात नाव होतं, म्हैस होती, घडण्याजोगं होतं. किराणावाला हातातला तराजू खाली ठेवून उठला; त्याच्या घरी तिचंच दूध होतं. गाडीवानांनी बैल जुंपले. बाजार उठायच्या आत गोष्ट वेशीबाहेर गेली. काकाची एकही गोष्ट इतक्या लवकर गेली नव्हती. खरं सांगू? मला बरं वाटलं.

संध्याकाळी अकरातल्या नऊ घरांनी दूध उकिरड्यावर ओतलं. दुसऱ्या दिवशी अकराही. दोघं जण पोरांना घेऊन दवाखाना गाठायला गेले. एका म्हातारीने ओटीवर बसून रात्रभर स्वतःच्या तोंडाला फेस येतो का ते बघितलं. गिरजाबाई दारोदार फिरून सांगत होती, म्हैस धड आहे, खाते-पिते, येऊन बघा. कोण जाणार बघायला?

मी घरात होतो. तीन दिवस झाकण उचलायचं नव्हतं, म्हणून रांजणाच्या खोलीला मी बाहेरून कडी घातली होती. कडी घालण्याआधी भोवती गोवऱ्यांची धग लावून ठेवली होती, वर गोणपाट, त्यावर भुसा. तिसऱ्या सकाळी कडी काढली. झाकण उचललं. फूल आलं होतं. सबंध तोंडभर, तांब्याच्या परातीसारखं. मी चिंधी बुडवली, बाहेर काढली, आणि ती माझ्या बोटांत पिवळ्याची निळी झाली.

त्याच दिवशी दुपारी पाटलांनी मला चावडीवर बोलावलं.

आता इथे थांबा. बाजारातलं वाक्य एका श्वासाचं होतं. रागात निघालं, निघून गेलं. माणूस असा घसरतो, असं तुम्ही म्हणू शकता. चावडीवरचं तसं नव्हतं. चावडीवर मला वेळ होता. पाटील सावकाश बोलणारे. त्यांनी मला बसायला सांगितलं, तंबाखू मळली, आणि विचारलं की तू हे ऐकलं की पाहिलं? समोर गिरजाबाई उभी होती. ऐकलं म्हणालो असतो तरी सुटली असती. ऐकलेल्या गोष्टीची धूळ उडते आणि बसते.

पण माझ्या डोक्यात काय होतं? रांजण. आत्ताच आलेला. चौतीस लुगडी, प्रत्येकाला चार-पाच बुडव्या, मध्ये वाळवणं — आठ दिवसांचं काम. खोटं मागे घेतलं तर रांजण परत नासेल, हे मला भाकरी-पाण्याइतकं खरं वाटत होतं. दुसऱ्या कोणत्या धंद्यातला माणूस असं घाबरला असता? रंगाऱ्यालाच हे भय कळेल. मी चावडीवर उभ्या बाईकडे पाहत होतो आणि मला तांबूस फूल दिसत होतं.

मी म्हणालो, पाहिलं. भुरं कुत्रं होतं. डाव्या मागच्या पायाला चावलं.

डावा मागचा पाय मी का सांगितला? कारण तिथे जखम होती. कुंपणाच्या बोराटीने ओरखडलं होतं, आठ दिवसांपूर्वी, आणि गिरजाबाई माझ्याच घरी हळद मागायला आली होती. पाटलांनी माणूस पाठवला. त्याने जखम पाहिली. झालं.

गिरजाबाई माझ्याकडे बघत राहिली. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली,

“भाऊ, हळद तुया घरची हाये त्या जखमेवर.”

पाटलांना ते कळलं नाही. मला कळलं.

घरी आलो तर चावडीवरचं घरी आधीच पोचलं होतं. माझी बायको चुलीपुढे बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, “हळद म्या देल्ली ना?” मी म्हणालो, रांजण आला आहे. ती उठली आणि भाकरी थापायला लागली. त्यानंतर या विषयावर ती माझ्याशी बोललेली नाही, आणि पुढे कित्येक वर्षं आमच्या घरात दूध लागलं नाही. गावात चहा आला तेव्हासुद्धा तिने तो बिनदुधाचाच केला. पाहुणे विचारायचे. मी म्हणायचो, आमच्याकडे असाच आवडतो.

म्हशीला वेशीबाहेर चाळीस दिवस बांधायचा हुकूम झाला. वैरण कोणी देईना, पाण्याला लोक तिला विहिरीवर येऊ देईनात. सत्तर रुपयांची म्हैस बाविसाव्या दिवशी परगावच्या एका व्यापाऱ्याने बावीस रुपयांना नेली. तो हसत नेत होता म्हणतात. त्याला काय ते कळलं असावं. फाल्गुन लागायच्या आत गिरजाबाई मुलीला घेऊन जानेफळला भावाकडे निघून गेली. जाताना मुलीचं लुगडं घेऊन गेली. आठ आणे उंबऱ्यावर ठेवून गेली. रंग पक्का बसला होता.

चौतीसच्या चौतीस लुगडी निघाली. बाजारात लोक म्हणाले, काकाचा हात आला बरं का पुतण्याला.

तीन वर्षांनी मी त्या व्यापाऱ्याच्या गावी गेलो होतो, दुसऱ्या कामाने. म्हैस गोठ्यात होती. दोनदा व्यायली होती.

यानंतर दहा वर्षं काय झालं? काही नाही. हेच तर सांगायचं आहे, की काही झालं नाही. मी जेवलो, झोपलो, मुलींची लग्नं केली. पिसाळलेला रंगारी होऊन मी रस्त्यावर भटकलो नाही. मनाला खात होतं वगैरे लोक लिहितात. माझ्या मनाला रोज काही खात नव्हतं. मी समजूत घातली होती: रीत होती, मी नेम थोडा मोडला, पण रांजण तर वाचला. एका बाजूला म्हैस, एका बाजूला रांजण. माझ्या हिशेबात ते दोन्ही खरे होते. खोट्यानेच रांजण वाचला, यावर सगळी समजूत उभी होती.

मग धाकटीचा नवरा दिवाळसणाला आला. जावईबापू हायस्कुलात सायन्स शिकवतात. त्यांना नागपूरच्या कॉलेजातलं शिक्षण आणि रिकाम्या हाताने बसवत नाही अशी खोड. रांजणावर माझ्याजवळ येऊन उभे राहिले. पिवळं कापड वाऱ्यावर निळं होताना पाहिलं आणि विचारत सुटले — झाकता का, गूळ किती, ऊब किती. मी आकडे सांगत गेलो. मग त्यांनी मला सांगितलं, आणि मी ते माझ्या शब्दांत लिहितो.

रांजणात जीव असतात. डोळ्याला न दिसणारे, एकेका पेशीचे. त्यांना जगायला बळ लागतं, ते बळ ते गुळातून काढतात. आपणही तेच करतो. गूळ चुलीत टाकला तर भडकन एकदा जळतो, सगळी आग एकाच वेळी. अंगात तोच गूळ पायरी पायरीने उतरवला जातो, आणि दर पायरीला थोडं बळ हाती लागतं. म्हणून अंग कोमट असतं, पेटत नाही. पण यात एक अट आहे. गुळातून जे निघतं — जावईबापूंनी इलेक्ट्रॉन म्हटलं, विजेचे कण — ते कोणीतरी घ्यावं लागतं. देणारा आहे आणि घेणारा नाही, असं होतच नाही. आपल्या अंगात ते शेवटी हवेतला प्राणवायू घेतो, त्यासाठीच श्वास. झाकलेल्या रांजणात हवा नाही. मग त्या जिवांनी कोणाला द्यायचं? ते निळीला देतात. नीळ ते घेते आणि तिचा निळेपणा जातो, ती पिवळी होऊन पाण्यात विरघळते, धाग्यात शिरते. कापड बाहेर काढलं की हवा ते तिच्याकडून परत घेते. नीळ पुन्हा निळी होते, पण आता धाग्याच्या आत.

मी विचारलं, दिवसातून दहा वेळा झाकण उचललं तर? ते म्हणाले, मग हवाच सगळं घेऊन जाते, निळीच्या वाट्याला काही येत नाही. त्यात थंडीने ते जीव मंदावलेले.

मग मी शक्य तितकं हलकं विचारलं की आमची एक रीत आहे, खोटं सांगायची. त्याने काही होत असेल का? जावईबापू मोठ्याने हसले. म्हणाले, “मामाजी, त्या जिवांना कान नसतात.”

ते जेवायला आत गेले. मी तिथेच बसलो.

माझा ऐकीव गोष्टीवर विश्वास नाही, जावयाच्याही नाही. ते गेल्यावर मी चार मडकी मांडली. प्रत्येकात दोन तोळे नीळ, दोन तोळे गूळ, अर्धा तोळा चुना, शेरभर काढा, आणि चालू रांजणातलं पळीभर विरजण. चारही चुलीमागे, सारख्या उबेत. पहिलं झाकलं आणि त्याच्या नावाने बाजारात एक थाप मारली, बिननावाची. दुसरं झाकलं, थाप नाही. तिसऱ्याच्या नावाने थाप मारली, पण त्याचं झाकण मी दिवसातून दहादा काढून ढवळत राहिलो. चौथं विरजणासकट खळाखळा उकळलं, गरम असतानाच झाकून वर माती लिंपली, आणि त्याच्यासाठी सगळ्यात मोठी थाप मारली. ती मेहकरपर्यंत गेल्याची खात्री करून घेतली.

पहिलं आणि दुसरं एकाच दिवशी आलं. पाचव्या. तिसरं निळंच राहिलं. चौथं नवव्या दिवशी फोडलं, तर तळाशी नीळ जशीच्या तशी.

म्हणजे रीतीतलं खरं काय होतं? झाकण. खोटं सांगायला रंगारी बाजारात जातो, मग तीन दिवस बघायचं नाही म्हणून झाकण बंद राहतं. बापजाद्यांनी खोट्याला श्रेय दिलं आणि काम झाकणाने केलं. मी घरीच हात बांधून बसलो असतो, गोवऱ्यांची धग लावून, तोंड मिटून, तरी तिसऱ्या दिवशी फूल आलंच असतं. चावडीवर मी खरं बोललो असतो तरी ते टिकलं असतं. गिरजाबाईची म्हैस कशाच्याही बदल्यात गेली नव्हती. माझ्या हिशेबाची दुसरी बाजू कोरी निघाली.

मी हे आमच्या धंद्यातल्या माणसांना सांगितलं — मडक्यांचं, म्हशीचं नाही. ते चिडले. रीत बुडवतो, म्हणाले. एकाने समजावलं की हे बाहेर गेलं तर लोक आपल्याला मूर्ख म्हणतील. म्हणोत. मी त्यांना तेव्हाही म्हणालो, आताही म्हणतो: ज्याला मला पंक्तीतून उठवायचं त्याने उठवावं, मी मडकी परत मांडून दाखवीन.

आणि तुम्ही — तुम्ही चांगल्या मनाचे असाल तर आता म्हणाल, तुला ठाऊक नव्हतं ना तेव्हा. हे जीव, हा प्राणवायू, हे देणं-घेणं, डोणगावात कोणाला ठाऊक होतं? नका म्हणू. ही सूट मी घेत नाही. कुत्रं आलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तेवढं ठाऊक असायला कोणतं सायन्स लागतं?

गेल्या माघात मी बाजाराच्या दिवशी त्याच दुकानापुढे उभा राहिलो. किराणावाला म्हातारा झाला आहे, गाडीवान दुसरे होते, पण माणसं होती, दहा-बारा. मी मोठ्याने म्हणालो की गिरजाबाईच्या म्हशीला कुत्रं चावलं नव्हतं, मी खोटं बोललो होतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मागून कोणीतरी म्हणालं, “रांजण नासला काय बे?”

आणि हशा पिकला. मी पुन्हा सांगितलं, तारखेनिशी. जखम बोराटीची होती, हळद माझ्या घरची होती. हशा वाढला. किराणावाला डोळे पुसत म्हणाला,

“तेरा वरसांनी आठोलं? मोठाच रांजण असन तुया.”

मी ओरडलो की रांजण धड आहे, चला, दाखवतो. त्यावर तर लोक गुडघ्यावर हात मारून हसले. इतकं छान खोटं माझ्या काकानेही कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती गोष्ट वेशीबाहेर गेली, सुलतानपूरपर्यंत गेली. रंगाऱ्याची नवी थाप म्हणून गेली.

आठ दिवसांनी मी जानेफळला गेलो. गिरजाबाई अंगणात तुरीच्या काड्या निवडत होती. पाठ वाकली आहे, नजर वाकलेली नाही. मुलगी ओट्यावर होती. तिचं लग्न झालं, पण दोन वर्षं उशिरा, आणि बिजवराशी. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दारातलं सकाळचं हसणं, बाजार, चावडी, फूल, मडकी. बाजारात लोक हसले तेही सांगितलं. ती काड्या निवडत राहिली.

मग मी हिशेब सांगितला. म्हैस सत्तरची, विकली बावीसला, फरक अठ्ठेचाळीस. दूध आणखी पाच महिने चाललं असतं, दीडशे दिवस, रोजचे आठ आणे. त्यातून ढेप-वैरणीचे चार आणे वजा. सदतीस रुपये आठ आणे. व्याज धरलं नाही, कारण दर काय लावावा हे मला ठरवता आलं नाही. मुलीच्या दोन वर्षांचं धरलं नाही, कारण त्याचं मला काहीच ठरवता आलं नाही.

तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली.

“हिशेब तर बराच येते तुले. मंग तवा काऊन नाही केला?”

ती वाट बघत होती, खरोखर उत्तराची वाट बघत होती. मग म्हणाली की बोलून तुझं कोणी ऐकत नाही, तर लिहून दे; माझा नातू वाचतो, तो चार लोकांना वाचून दाखवेल. मी देतो म्हणालो. हेच ते. एक प्रत त्याला दिली आहे, एक तुमच्या हाती आहे.

रुपये पंच्याऐंशी, आणे आठ, रोख. गिरजाबाईच्या हातात, जानेफळ, तिच्या भावाच्या अंगणात. हजर तिची मुलगी. तिने दोनदा मोजले आणि पदराच्या गाठीला बांधले. पाणी विचारलं नाही. मी मागितलं नाही.